अर्नेस्टीन टार्व्हर आणि एका दिवसाची रजा

स्वयंपाकघरात भांडण पेटलं तेव्हा अर्नेस्टीन जिन्याखाली बसून बाहुलीचे केस विंचरत होती. वय असेल आठ-नऊ. रविवारची दुपार. चर्चहून येऊन सगळ्यांनी तळलेली कोंबडी आणि पालेभाजी चापून खाल्ली होती. आई ताटं विसळत होती. आणि रॉस्को मामा जेवण पचवायला दर रविवारी जे करायचा तेच करत होता, म्हणजे तिच्या बापाला टोचत होता.

"काय लेम्युअल, हिशोबतपासनिसाचे सगळे पेपर पास झालास म्हणे."

"झालो."

"मग दारावर पाटी कधी लावतोस?"

बाप टेबलावरचे कण बोटाने गोळा करायला लागला.

"नाही, आपलं विचारतो. तू पुस्तकांत डोकं घालून बसलास आणि माझ्या बहिणीने एका कोटावर किती हिवाळे काढले ते मी बघितलंय. आता तरी पाटी लागायला हवी ना?"

"लायसन्सवाल्याच्या हाताखाली काही वर्षं काम केल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. तुला माहितीये, रॉस्को."

"मग कर की काम!"

"कुणाकडे? डेटनमधले लायसन्सवाले झाडून सगळे गोरे. मी काय घरी बसून राहिलो? दारोदार फिरलो. सगळे एकच सांगतात, आमची काही हरकत नाही हो, पण आमच्या गिऱ्हाइकांना आवडणार नाही."

"आणि तो हॉलिस्टर? त्याच्या दुकानदारांचे हिशोब पिशव्या भरभरून घरी आणतोस ते?"

"ते सुटं काम आहे. त्याने मला नोकरीवर घेतलेलं नाही."

"म्हणजे घासायचं तू आणि सही ठोकायची त्याने." मामा हसला, पण ते हसणं काही चांगलं नव्हतं. "तुझं काम त्याला चालतं, तोंड चालत नाही."

बापाने टेबलावर मूठ आपटली. पेले खणखणले. "हळू बोल. पोरगी ऐकतेय."

तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. पाठमोरीच होती. "ऐकू दे. बरंय ऐकलं तर."

लेम्युअल टार्व्हरच्या दारावर पाटी कधीच लागली नाही. माणूस म्हातारा होईपर्यंत पोस्टात पत्रं वेगळी करत राहिला. तिथे त्याच्या दोन्ही बाजूंना असेच लोक बसलेले असत, एक वकिली शिकलेला, एक रसायनशास्त्र शिकलेला. त्या काळात आमच्या शहरातलं सगळ्यांत शिकलेलं काळं मंडळ बघायचं तर पोस्टात जावं लागे.

अर्नेस्टीनचं सांगायचं तर, तिला त्या दिवशी राग आला तो आलाच. काही बायकांना संधिवात धरतो, हिला राग धरला. हवा बदलली की तो दुखायचा, इतकंच.

तिनेही बापाचाच विषय घेतला. बाप म्हणाला, "पोरी, शाळामास्तरीण हो, नर्स हो, हे कशाला?" ती म्हणाली, "तुम्ही पास झालात ना? मग मीही होऊन दाखवते. पुढचं पुढे बघू." तेव्हा परीक्षा म्हणजे एक मोठं सभागृह असायचं. पेन्सिली घेऊन लागोपाठ दिवस बसायचं, वर्षातून दोनदाच, मे महिन्यात आणि नोव्हेंबरात. सभागृहात तिच्यासारखी दिसणारी बाई एकच, ती स्वतः. पहिल्या खेपेला आपटली, दुसऱ्या खेपेला आपटली. तिसऱ्या खेपेला पास झाली आणि घरी येऊन बापाच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. बाप तिच्या पाठीवर थोपटत एवढंच म्हणाला, "आता कामाच्या वर्षांवर सही कोण देतो ते बघ."

तिचं नशीब थोडं बरं. तोवर सरकारी खात्यांत काळ्या माणसांना घ्यायला लागले होते, आणि सरकारी हिशोब तपासलेली वर्षं लायसन्ससाठी धरली जात होती. सही मिळाली. पाटी लागली. वेस्ट थर्ड स्ट्रीटवर न्हाव्याच्या दुकानाशेजारी एक खोली, खिडकीत मनीप्लँट. चर्चचे, न्हाव्याचे, अंत्यविधीवाल्यांचे हिशोब करत तिने आयुष्य काढलं. लग्न एकदा केलं, ते टिकलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायची, "चांगला माणूस होता. फक्त माझ्याशी बोलायला त्याला वेळ सापडेना, आणि बाकी सगळ्यांशी बोलायला दिवस पुरेना."

माउंट नेबो चर्चच्या तळघरात तिचा शनिवारचा वर्ग सुरू झाला तो लायसन्सच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांसाठी. बॉयलरच्या शेजारी लांब टेबल, घडीच्या खुर्च्या, एक फळा. फी नाही. येताना काहीतरी खायला आणायचं, एवढाच नियम. पण तिथे येणं म्हणजे गंमत नव्हती. पोरं म्हणायची, परीक्षेपेक्षा मिस अर्नेस्टीनची जास्त भीती वाटते.

"हे काय?" एखाद्या पोराने पुस्तकातली पानंच्या पानं पिवळ्या, गुलाबी शाईने रंगवून आणली की ती पुस्तक वर धरायची. "लहान मुलांच्या चित्रवहीत रंग भरतोस होय रे? परीक्षेत विचारणार आहेत का, कुठलं पान गुलाबी होतं म्हणून? उदाहरणं सोडव! चुकलास तरी चालेल. परत सोडव. कुठे चुकलं ते मला मोठ्याने सांग."

सोफ्यावर पाय पसरून शिकवणीचे व्हिडिओ बघणाऱ्यांना ती म्हणायची, "स्वयंपाकाचा कार्यक्रम बघून कुणाचं पोट भरलंय?"

शिकवण्या विकणाऱ्या कंपन्यांवर तर तिचा फारच दात. "पोराला पास करून देऊ म्हणतात. पास तू होणार, पैसे ते घेणार, नापास झालास तर परत तेच घेणार." लायसन्ससाठी कॉलेजचं पाचवं वर्ष सक्तीचं झालं तेव्हा ती महिनाभर धुमसत होती. "चार वर्षांत जे कळलं नाही ते पाचव्या वर्षी कळतं का? ज्याच्या बापाच्या खिशात आहे त्याला एक वर्ष म्हणजे काय! आमच्या पोरांनी ते कर्ज काढून बसायचं." आणि शेवटी बजावून सांगायची ते हे: "नोकरी धरताना पगाराआधी दोन गोष्टी विचारा. माझ्या अनुभवावर सही कोण करणार? आणि पेपरच्या दिवशी रजा मिळेल का? ज्याला उत्तर देताना घसा खाकरावा लागतो, त्याच्याकडे जाऊ नका."

डेनिशा प्रुइटने ह्यातलं काहीच विचारलं नव्हतं. ती वर्गात आली तेव्हा तिची नोकरीही लागलेली होती आणि घोळही होऊन बसला होता.

घोळ असा. आता परीक्षा पेन्सिलीची राहिली नव्हती, संगणकावर होती, आणि चारही पेपर एकदम द्यायची गरज नव्हती. एकेक द्या, सवडीने द्या. ऐकायला केवढं सोयीचं! पण गोम अशी की एक पेपर पास झाला की तो दीडच वर्ष टिकायचा. तेवढ्यात बाकीचे तीन झाले नाहीत तर पहिला गेला, जणू दिलाच नव्हता. म्हणून अर्नेस्टीन घसा फोडून सांगायची की सगळ्यांत अवघड पेपर आधी द्या. तो पास होईपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही, आपटलात तरी काही बिघडत नाही. पण आमची पोरं काय करायची? सोपा पेपर आधी. आत्मविश्वास येतो म्हणे! पहिल्याच झटक्यात पास, घरी केक, आईचा फोनवर फोन, आणि इकडे घड्याळ टिकटिक करायला लागलेलं.

डेनिशानेही तेच केलं. सोपा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. अवघड पेपरात मात्र दोनदा आपटली. आता फेब्रुवारी संपला की तिचा पहिला पेपर मरणार होता. मार्च महिन्यात परीक्षा बंद असते. म्हणजे फेब्रुवारी, नाहीतर नाही. शनिवारच्या सगळ्या जागा हुशार लोकांनी आधीच धरून ठेवलेल्या. तिला मिळाली ती एकच, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बुधवारी, तीही परगावी, कोलंबसला.

"सोपा आधी दे असं कुणी सांगितलं तुला?" अर्नेस्टीनने विचारलं.

"ऑफिसात. सरांनीच सांगितलं."

"कोण सर?"

"वेंडेल स्टोक्स."

अर्नेस्टीनने खडू खाली ठेवला. वेंडेल स्टोक्स! तळघरातला तिचा पहिला विद्यार्थी. पहिल्या वर्षी वर्गात हा एकटाच होता, घरून आईने दिलेली रताळ्याची गोड पेस्ट्री आणायचा आणि अर्धी स्वतःच खायचा. आता त्याचं शहराच्या मध्यावर काचेच्या इमारतीत ऑफिस होतं, हाताखाली डझनभर माणसं होती, आणि रविवारी चर्चमध्ये तो डीकन, म्हणजे चर्चचा कारभारी, म्हणून पुढच्या बाकावर बसायचा.

"मग बुधवारची रजा माग."

डेनिशा खाली बघत म्हणाली, "मागितली. नाही म्हणाले. एक फेब्रुवारीपासून टॅक्सची शेवटची तारीख होईपर्यंत कुणालाही रजा नाही. नियम आहे."

अर्नेस्टीनने कोट चढवला.

वेंडेल तिला बघून उठून उभा राहिला, तेवढं वळण आईने लावलेलं होतं. "मिस अर्नेस्टीन! या या. कॉफी घेणार?"

"कॉफी नको. बुधवार दे."

त्याला लगेच कळलं. तो बसला, टाय नीट केला. "बघा, डेनिशा चांगली मुलगी आहे. पण एकाला दिली की सगळे मागतात. टॅक्सचा हंगाम आहे. आम्ही इथे एका कुटुंबासारखे..."

"कुटुंब?" ती म्हणाली. "कुठल्या कुटुंबात बिलासाठी दर सहा मिनिटांना काय केलंस ते लिहून द्यावं लागतं रे? माझ्या आईने मला जेवायला वाढताना कधी नोंद केली नव्हती."

"नियम सगळ्यांना सारखा आहे. मी शिकत होतो तेव्हा मी कुणाकडे रजा मागितली होती का? हंगामभर राबलो आणि परीक्षाही दिली."

"परीक्षा कधी दिलीस?"

"कधी म्हणजे?"

"महिना कुठला होता, वेंडेल?"

तो आठवून म्हणाला, "नोव्हेंबर."

"नोव्हेंबर. तेव्हा परीक्षा मे आणि नोव्हेंबरातच असायची. हंगामात कधी आलीच नाही. तुला रजा मागायची वेळ आली नाही म्हणून तू मागितली नाहीस. त्यात शौर्य कसलं? आणि हिला सोपा पेपर आधी द्यायचा सल्ला तू दिलास. तुझ्या वेळी सगळे पेपर एकत्र असायचे. आधी-नंतर होतं कुठे? तुला ह्या परीक्षेतलं काय कळतंय?"

वेंडेलचे कान तापले. पण तो काही मऊ झाला नाही. उलट उठून त्याने दार लावून घेतलं.

"तुम्हाला खरं सांगू का, मिस अर्नेस्टीन? मागच्या वर्षी दोघं पास झाली. मीच शिकवलं, मीच सही दिली. लायसन्स हातात पडलं आणि महिन्याभरात दोघंही गेली. कुठे गेली? त्या मोठ्या ऑफिसांत. मी तरुण होतो तेव्हा मला तिथे दरवाजातून आत घेतलं नव्हतं. आता माझी तयार केलेली पोरं अलगद उचलून नेतात. मग मी काय इथे शाळा काढून बसलोय?"

 त्याचं दुखणं खोटं नव्हतं, हे अर्नेस्टीनला कळत होतं, आणि कळत होतं म्हणून तिला जास्तच संताप येत होता. तिला त्याला बापाची गोष्ट सांगावीशी वाटली. पण ती गोष्ट तिने आजवर कुठे सौदा करायला वापरली नव्हती. आजही वापरली नाही.

"म्हणजे नापास ठेवून बांधून ठेवायचं," ती म्हणाली.

"मी असं म्हणालो नाही."

"नाही म्हणालास. मी म्हटलं. बुधवारी तिच्या खुर्चीत मी बसते. माझं लायसन्स अजून जिवंत आहे. पगार नको."

"तसं करता येत नाही. गिऱ्हाइकांची खासगी कागदपत्रं असतात, विमा असतो. तुम्हाला माहितीये."

माहीत होतं. म्हणूनच ती निघाली, दार मात्र लावलं नाही.

शनिवारी तिने डेनिशाला सरळ सांगितलं, "नोकरी सोड आणि पेपर दे."

डेनिशा आजवर तिच्यापुढे मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "तुम्हाला म्हणायला काय जातंय, मिस अर्नेस्टीन? माझा दम्याचा विमा त्या नोकरीवर आहे. गेल्या हिवाळ्यात मी तीन रात्री हॉस्पिटलात होते. नोकरी सोडली तर औषध कोण देणार, तुमचा फळा?"

टेबलाभोवतीची पोरं वहीत तोंडं खुपसून बसली. बॉयलर घरघरत होता.

"आणि नाही दिला तर?" अर्नेस्टीनने आवाज खाली आणून विचारलं.

"नाही दिला तर पहिला पेपर जाईल. तो परत देईपर्यंत दुसरा जाईल. मग तिसरा." डेनिशाने डोळे पुसले. "माझ्यात आता परत सुरू करायची ताकद नाहीये. खरं सांगते. मी सोडून देईन."

"अवघड पेपराची तयारी कशी आहे?"

"ह्या वेळी आहे. म्हणून तर जीव तुटतोय."

अर्नेस्टीनने तिच्या वहीतली उदाहरणं बघितली. रंगवलेली नव्हती, सोडवलेली होती. खरोखरच तयारी झालेली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. माउंट नेबोमध्ये प्रवचनाच्या आधी निवेदनं असतात, आणि निवेदनांनंतर कुणाला कशासाठी प्रार्थना हवी असेल तर तो जागेवर उभा राहून सांगतो. कुणाचा गुडघा, कुणाचा जावई, कुणाचं कोर्टातलं प्रकरण. त्यात कुणी कुणाला अडवत नाही. अर्नेस्टीन इतकी वर्षं उभी राहायची ती वर्गाची वेळ सांगायला. स्वतःसाठी तिने कधी प्रार्थना मागितलेली कुणी ऐकली नव्हती. म्हणून वेळ सांगून बसलेली ती परत उभी राहिली तेव्हा पाद्रीबाबांनीही चष्मा वर केला.

"मला एका पोरीसाठी प्रार्थना हवी आहे," ती म्हणाली. "डेनिशा प्रुइट. उभी राहा गं. तिचा शेवटचा पेपर येत्या बुधवारी आहे. तयारी झालेली आहे, त्यासाठी देवाला त्रास द्यायला नको. पण तिच्या मालकाने त्या दिवसाची रजा दिलेली नाही. तेव्हा प्रार्थना पोरीसाठी नको, त्या मालकासाठी करा. देवाने त्याचं मन जरा सैल करावं."

"आमेन!" मागून कुणीतरी म्हणालं.

"ऐक प्रभू!" दुसरं कुणी म्हणालं.

सिस्टर ओडेल म्हातारी, कानाने अधू, मोठ्याने म्हणाली, "कोण गं मालक? आपल्यातला आहे का?"

"प्रभूला माहीत आहे, सिस्टर."

"प्रभूला माहीत आहे, पण मला कुठे माहितीये!"

चर्चभर हसू पसरलं. ज्यांना माहीत होतं त्यांच्या माना पुढच्या बाकाकडे वळल्या. त्या बघून ज्यांना माहीत नव्हतं त्यांच्याही वळल्या. बायकांच्या टोप्यांची पिसं एका दिशेला झुकली. डीकन वेंडेल स्टोक्स गुडघ्यावरच्या बायबलात बघत होता, आणि ते उलटं होतं असं बायका अजून सांगतात. ते काही खरं नसावं. पाद्रीबाबा मोठे धोरणी, त्यांनी डोळे मिटून "सर्व मालकांसाठी आणि सर्व कामगारांसाठी" अशी लांबलचक प्रार्थना केली, आणि ऑर्गनवाल्याने मागून एक सूर धरून ठेवला.

उपासना आटोपली आणि वेंडेल जिना उतरून थेट तळघरात आला. अर्नेस्टीन तिथे कॉफीचं भांडं धूत होती.

"भर चर्चमध्ये!" तो म्हणाला.  "माझी आई होती तिथे बसलेली! तुम्ही मला ओळखता, मिस अर्नेस्टीन. मी काय तुमचा शत्रू आहे?"

"तुझं नाव कुठे घेतलं मी?"

"नाव घ्यायची गरज होती का? सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, मी काय कुणाची गाय पळवली आहे!"

"लाज वाटली?"

"वाटली!"

"मग बरं झालं." तिने भांडं पालथं घातलं. "मला तुझा राग येतो तो तू वाईट आहेस म्हणून नाही. तू चांगला आहेस म्हणून येतो. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी म्हटलं असतं, त्यांच्याकडून काय अपेक्षा करायची. तुझ्याकडून होती."

वेंडेल खुर्चीवर बसला. घडीची खुर्ची कुरकुरली. तो आता अंगाने चांगला भरला होता.

"बुधवार घेऊ दे तिला," तो शेवटी म्हणाला. "पण बिनपगारी. आणि पास झाली तर दोन वर्षं मला सोडून जायचं नाही, असं लिहून द्यायचं."

"लिहून कसलं देतेस, डेनिशा!" अर्नेस्टीन जिन्याकडे तोंड करून ओरडली, कारण डेनिशा तिथे उभी आहे हे तिला माहीत होतं. मग वेंडेलकडे वळून म्हणाली, "बांधून ठेवायचं असेल तर पगाराने बांध. लायसन्सवालीला लायसन्सवालीचा पगार दे. मग बघ जाते का. बिनपगारी रजा चालेल. कागद चालणार नाही."

"तुम्ही तिच्या वतीने बोलताय?"

डेनिशा दोन पायऱ्या खाली आली. "मी माझ्या वतीने बोलते, सर. कागदावर सही करणार नाही. पण पास झाले तर तुम्हाला न विचारता कुठेही जाणार नाही. आधी तुम्हालाच विचारीन, काय देता म्हणून."

वेंडेलने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "तुमच्याच हाताखालची आहे ही," तो अर्नेस्टीनला म्हणाला, आणि त्यात कौतुक किती आणि वैताग किती ते त्यालाही सांगता आलं नसतं.

बुधवारी बर्फ पडत होतं. डेनिशा पहाटे निघाली, कोलंबसला पोचली, पेपर दिला. धरतात ती पेपर दिल्याची तारीख, पण निकाल आठवडेच्या आठवडे नाही. त्या काळात ती ऑफिसात मान मोडून काम करत होती आणि वेंडेल तिच्याशी फक्त कामापुरतं बोलत होता. पास झाल्याचा निकाल आला तेव्हा तिने आधी आईला नाही, वेंडेलच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं. वेंडेल उठला आणि त्याने तिच्याशी हात मिळवला. पगार त्याने वाढवला. डेनिशाने मागितला होता तितका नाही, पण वाढवला. ती त्याच्याकडे राहिली.

पुढच्या जानेवारीत त्याच्या ऑफिसात चहाच्या खोलीत सूचना लागली, की परीक्षेला बसणाऱ्यांना हंगामातसुद्धा दोन दिवसांची रजा मिळेल, आधी कळवावं. डेनिशाने ती बातमी मोठ्या आनंदाने तळघरात आणली.

"दोनच?" अर्नेस्टीन म्हणाली. "पेपर चार आहेत ना? आणि त्याच्याच सल्ल्याने सोपा आधी देणाऱ्यांना तर सहा लागतील." पण त्या दिवशी तिने पोरांनी आणलेला केक दोनदा घेतला. तसं ती कधी करत नसे.

वर्ग त्यानंतरही बरीच वर्षं चालला. परीक्षेचे नियम बदलले, पेपरांची नावं बदलली, आणि दर बदलाला तिला नव्याने संताप आला. गुडघे गेले, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तरी फळ्यावर अक्षर मोठं काढून ती शिकवायची. कुणी म्हटलं, आता थांबा, तर म्हणायची, "नियम करणारे थांबलेत का?"

आयुष्यातल्या शेवटच्या शुक्रवारी ती नेहमीसारखी दुपारी निघाली. पिशवीत उदाहरणांचे कागद होते, त्यांच्या प्रती काढायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. दुकानदार मिस्टर गथ्री म्हणाला, "मिस अर्नेस्टीन, हल्ली सगळं फोनवर पाठवतात." ती म्हणाली, "फोनवर आकडेमोड करून दाखव, मग पाठवते." प्रती फिक्या आल्या. तिने परत काढायला लावल्या. परत आल्या त्या बऱ्या होत्या, तरी तिने एकेक कागद उजेडात धरून बघितला आणि मगच पैसे दिले.

तिथून चर्चला. तळघरात उतरताना कठड्याला धरून जरा थांबली. दिवा लावला, बॉयलर सुरू केला, खुर्च्या उघडल्या, प्रत्येक खुर्चीसमोर उद्याच्या वर्गाचे कागद ठेवले. फळा ओल्या फडक्याने पुसला आणि वर कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं, अवघड आधी. मग दिवा बंद केला, दाराला कुलूप घातलं, कुलूप ओढून बघितलं, आणि किल्ली पाद्रीबाबांच्या पेटीत टाकून घरी गेली.